मुक्ताच्या निबंधामागच्या बाई

३ जानेवारी आली की आमच्या जामखेडच्या शाळांमधून छोट्या छोट्या सावित्रीबाई दिसतात. नऊवारी, ठसठशीत कुंकू, हातात पुस्तक. शेणगोळ्यांची गोष्ट तर पोरींना तोंडपाठ! पण त्यांच्या शाळेत मुली काय शिकल्या, हे आपण फारसं सांगतच नाही.

सावित्रीबाईंचा जन्म १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. १८४० मध्ये लग्न झालं तेव्हा शाळा कुठली आलीय? लग्नानंतर जोतिरावांनी शिकवलं. शिक्षिका होण्याचे धडे मात्र त्यांनी आपल्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मिशनच्या फरारबाईंकडे घेतले. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. या कामापायी १८४९ मध्ये दोघांना घर सोडावं लागलं, तरी शाळा वाढतच गेल्या.

त्यांच्याच शाळेत मुक्ता साळवे शिकत होती. मांग समाजातली चौदा वर्षांची पोर. शाळेत येऊन अवघी तीन वर्षं झालेली. १८५५ मध्ये तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. हे पत्रही मूळचं नगरचंच, १८४२ साली सुरू झालेलं. मुक्तानं त्यात पाठ केलेलं काहीच लिहिलं नाही. आपल्या माणसांवरचे अत्याचार लिहिले, बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसलेल्या बायांचे हाल लिहिले आणि वेद आमचे नाहीत तर आमचा धर्म कोणता, असं थेट देवालाच विचारलं. हे प्रश्न कुणी घोकून घेऊन येत नाहीत हो! आपण जे बघतो त्याचा विचार करायचा, तो स्वतःच्या शब्दांत मांडायचा, ही सवय आणि हे धाडस त्या शाळेनं दिलं.

सावित्रीबाई स्वतःही लिहीत होत्या. ‘काव्यफुले’ १८५४ मध्ये आलं. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना त्याच रोगानं १० मार्चला त्या गेल्या.

मैत्रिणींनो, आपण पोरांना रोज विचारतो, अभ्यास झाला का, मार्क किती पडले? कधी असंही विचारू या, आज तुला काय पटलं नाही? हे उत्तर तुला कसं सुचलं? कुठे अडलं? आपल्याला उत्तर येत नसलं तरी चालेल. भाकऱ्या थापता थापता ऐकायला तर येतं ना! वेशभूषेत बक्षीस मिळवणाऱ्या लेकीचं कौतुक करूच, पण प्रश्न विचारणाऱ्या लेकीला ‘लई बोलतेस’ म्हणून गप्प नको करायला.