प्रिन्स्टनचे स्कॉटिश अध्यक्ष

जॉन विदरस्पून यांचा जन्म १७२३ चा, स्कॉटलंडमधील गिफर्डचा. पेस्ली येथे धर्मोपदेशक असताना प्रिन्स्टनच्या महाविद्यालयाने त्यांना अध्यक्षपदासाठी पाचारण केले. पण समुद्रप्रवासाच्या धास्तीने पत्नी एलिझाबेथ राजी होईनात. एडिंबरोत वैद्यक शिकणाऱ्या बेंजामिन रश यांनी त्यांचे मन वळविले आणि १७६८ मध्ये कुटुंब अमेरिकेत पोहोचले. जेम्स मॅडिसन हे विदरस्पून यांचेच विद्यार्थी. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत धर्मोपदेशकाच्या पदावर असलेले ते एकटेच. पुढच्याच वर्षी मुलगा जेम्स जर्मनटाउनच्या लढाईत कामी आला. स्वातंत्र्याचे हे पुरस्कर्ते स्वतः मात्र गुलाम बाळगून होते, हे विसरता येत नाही. अखेरच्या वर्षांत दृष्टी गेली, तरी अध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिले. १७९४ मध्ये त्यांचे निधन झाले.