परगावच्या मुलांचे पालक : राजर्षी शाहू महाराज

कोल्हापूर जिल्ह्यात वारणा नदीच्या खोऱ्यात वारणानगर नावाचे गाव आहे. तेथे साखर कारखाना आहे, दूध संघ आहे आणि मोठी महाविद्यालये आहेत. दरवर्षी कॉलेज सुरू होण्याच्या दिवसांत तेथे परगावची मुले-मुली उतरतात. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात अंथरुणाची वळकटी आणि मनात थोडी भीती असते. नवीन गाव, नवीन माणसे, आईच्या हातची भाकरी नाही. मग ती वसतिगृहात जातात. तेथे झोपायला खाट मिळते, वेळेवर जेवण मिळते, विचारपूस करणारे कोणीतरी असते. हळूहळू भीती जाते आणि अभ्यास सुरू होतो.

वसतिगृह म्हणजे काय ते तुम्हांला माहीत आहेच. उर्दूत आपण त्याला दारुल-इकामा म्हणतो. आज ही गोष्ट आपल्याला साधी वाटते. पण सव्वाशे वर्षांपूर्वी खेड्यातल्या गरीब मुलाला शहरात अशी जागा मिळणे फार कठीण होते. ज्या राजाने ही अडचण ओळखली आणि दूर केली, त्याचे चरित्र आज आपण वाचणार आहोत.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. कागलच्या घाटगे घराण्यातील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब हे त्यांचे वडील आणि राधाबाई या त्यांच्या आई. यशवंतराव तीन वर्षांचे असतानाच त्यांच्या आईचे निधन झाले. पुढे कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज १८८३ साली वारले. त्यांना मूल नव्हते. म्हणून राणी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले. तेव्हापासून त्यांचे नाव शाहू छत्रपती असे झाले.

दहा वर्षांचा मुलगा राजा झाला, पण त्याच्या वाट्याला सुख आले असे समजू नका. १८८६ साली त्यांचे जन्मदाते वडीलही गेले. याच सुमारास शिक्षणासाठी त्यांना दूर काठेवाडात, राजकोटच्या राजकुमार कॉलेजात पाठवण्यात आले. तेथील भाषा गुजराती, हवा वेगळी, माणसे अनोळखी. बरोबर धाकटे बंधू बापूसाहेब होते, एवढाच काय तो आधार. १८८९ पर्यंत ते तेथे राहिले. त्यानंतर पुढील शिक्षण धारवाडला झाले. तेथे फ्रेझर नावाचे इंग्रज अधिकारी त्यांचे शिक्षक होते. म्हणजे महाराजांचे विद्यार्थिदशेतील बरेचसे आयुष्य घरापासून दूरच गेले. राजपुत्र असल्यामुळे त्यांना नोकरचाकर होते, खाण्यापिण्याची ददात नव्हती. पण ज्याला आई नाही, वडील नाहीत आणि घरही जवळ नाही, अशा मुलाचे मन कसे असते, हे त्यांनी लहानपणीच अनुभवले होते.

२ एप्रिल १८९४ रोजी महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला. तेव्हा त्यांचे वय वीस वर्षांचेही नव्हते. राज्यात फिरताना त्यांना एक गोष्ट दिसली. शेतकरी, कारागीर, मुसलमान, अस्पृश्य मानले गेलेले लोक यांच्यात शिकलेला माणूस क्वचितच सापडत असे. दरबारातील मोठ्या जागांवर त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीच नव्हते. याचे कारण काय असावे? या लोकांची मुले मंदबुद्धीची होती काय? मुळीच नाही. कारण निराळेच होते.

त्या काळी माध्यमिक शाळा आणि कॉलेज कोल्हापूर शहरात होते. कागल, पन्हाळा, भुदरगड अशा भागांतील मुलाला पुढे शिकायचे तर गाव सोडून शहरात यावे लागे. पण तो राहणार कोठे आणि जेवणार कोठे? ब्राह्मण समाजातील गरीब मुलांना एक आधार होता. ती मुले वार लावून जेवत, म्हणजे आठवड्यातील एकेका दिवशी एकेका घरी जेवत, किंवा माधुकरी मागत. त्यातही कष्ट होतेच, पण शिक्षण पुरे होई. इतर समाजांत अशी पद्धत नव्हती. शहरात त्यांची ओळख नसे. खोली भाड्याने घ्यायला पैसे नसत. अस्पृश्य मुलाला तर पैसे देऊनही कोणी खोली देत नसे. मग हुशार मुलगाही चार इयत्ता शिकून परत नांगराकडे वळत असे. शाळेचे दार उघडे होते, पण तेथपर्यंत पोहोचण्याची वाट बंद होती.

महाराजांनी १८९६ साली कोल्हापुरात सर्व जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह सुरू केले. सर्वांनी एकत्र राहावे, एकत्र शिकावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु हा प्रयत्न यशस्वी झाला नाही. जातीपातीचे नियम फार कडक होते. कोणाच्या हातचे खावे, कोणाच्या पंगतीत बसावे, यावरून लोक अडून बसत. त्या वसतिगृहात बहुतेक एकाच समाजाचे विद्यार्थी राहिले. ज्यांच्यासाठी महाराजांचा जीव तळमळत होता, ती मुले बाहेरच राहिली.

दुसरा कोणी असता तर निराश झाला असता. महाराजांनी मात्र वाट बदलली, ध्येय बदलले नाही. एकत्र येत नसतील तर प्रत्येक समाजासाठी निराळे वसतिगृह काढावे, पण मुले शिकलीच पाहिजेत, असे त्यांनी ठरवले. १९०१ साली मराठा मुलांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले. पुढे लिंगायत, शिंपी, दैवज्ञ, सारस्वत अशा अनेक समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. पाहता पाहता कोल्हापूरला वसतिगृहांची जननी असे नाव पडले.

आता मुसलमान मुलांविषयी ऐका. कोल्हापूर संस्थानातील मुसलमान समाज शिक्षणात फार मागे होता. महाराजांनी आधी काही मुसलमान मुलांची सोय मराठा बोर्डिंगमध्येच केली. मग १९०६ साली शहरातील प्रमुख मुसलमान मंडळींना त्यांनी बोलावून घेतले आणि मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करवली. या संस्थेचे अध्यक्ष कोण झाले असतील? स्वतः महाराज! एका हिंदू राजाने मुसलमान मुलांच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्षपद आपणहून घेतले. त्यातून मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. खेड्यापाड्यांतील मुसलमान मुलगा कोल्हापुरात आला की त्याला हक्काचे छप्पर मिळू लागले.

ही वसतिगृहे कशी चालत, हेही समजून घेण्यासारखे आहे. महाराज जागा देत, इमारतीसाठी मदत करत आणि दरसाल ठरावीक रक्कम देत. पण कारभार त्या त्या समाजातील जबाबदार माणसांवर सोपवत. समाजानेही वर्गणी गोळा करावी, अशी त्यांची अपेक्षा असे. त्यामुळे लोकांना ही संस्था आपली वाटे. दुसऱ्याने दिलेली भाकर एक दिवस पुरते, स्वतः चालवलेली चूल पिढ्यान्‌पिढ्या पेटत राहते, हे महाराज जाणून होते.

वसतिगृहांबरोबर इतर कामेही चालू होती. १९०२ साली महाराज इंग्लंडला गेले होते. त्याच वर्षी २६ जुलै रोजी, मागासलेल्या समाजांसाठी संस्थानातील निम्म्या सरकारी जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा कायदा त्यांनी केला. १९१८ साली त्यांचे धाकटे पुत्र प्रिन्स शिवाजी शिकारीत अपघाताने मरण पावले. महाराजांवर दुःखाचा डोंगर कोसळला. तरी त्यांनी विधवा सून इंदुमतीदेवी यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली आणि १९२० साली पुत्राच्या नावाने गरीब मुलांसाठी मोफत वसतिगृह काढले. आपला मुलगा गेला, पण दुसऱ्यांच्या मुलांना त्यांनी जवळ केले.

परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याची काळजीही त्यांना होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आपले लंडनमधील अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करायचे होते. १९२० साली ते पुन्हा लंडनला निघाले. जवळ स्वतःची थोडी शिल्लक होती, एका पारशी मित्राने पैसे उसने दिले आणि शाहू महाराजांनी आर्थिक मदत केली. परक्या देशात, काटकसरीने दिवस काढून, बाबासाहेबांनी अभ्यास पुरा केला. तो पुरा झालेला पाहायला महाराज मात्र राहिले नाहीत. ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते अवघे सत्तेचाळीस वर्षांचे होते.

तुम्ही विचाराल, जातीजातींची निराळी वसतिगृहे काढल्याने माणसे आणखी दूर गेली नाहीत काय? हा प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर महाराजांच्या पुढच्या पिढीने दिले. वारणानगरपासून फार दूर नसलेल्या कुंभोज गावी १८८७ साली भाऊराव पाटील यांचा जन्म झाला. विद्यार्थी म्हणून ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. महाराजांचे कार्य त्यांनी जवळून पाहिले. पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. त्याला शाहू महाराजांचेच नाव दिले. येथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एकाच पंगतीत जेवत. मुलांच्या पोटाला अन्न हवे म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, इतकेच काय, मंगळसूत्रही मोडले. १८९६ साली कोल्हापुरात जे साधले नाही, ते अठ्ठावीस वर्षांनी साताऱ्यात साधले. निराळ्या छपरांखाली शिकून मोठ्या झालेल्या मुलांमधूनच एक चूल पेटवणारा माणूस निघाला.

मित्रांनो, आज आपल्याकडची मुले शिकण्यासाठी पुणे-मुंबईला जातात, कोणी परदेशीही जातात. आशिया आणि आफ्रिकेतील अनेक देशांची मुले आपल्या पुण्यात शिकायला येतात. काळ बदलला, पण परगावी आलेल्या मुलाचे मन बदललेले नाही. त्याला ताप आला तर कोणी पाणी देईल का, सणाच्या दिवशी कोणी जेवायला बोलावील का, त्याची तोडकी-मोडकी भाषा ऐकून लोक हसतील का, असे प्रश्न त्याला आजही पडतात.

तुमच्या वर्गात असा नवा मुलगा किंवा मुलगी आली, तर तुम्ही काय कराल? त्याला किती गुण पडले, हे आधी विचारू नका. तो कोठे राहतो, जेवला की नाही, त्याला घरची आठवण येते का, हे विचारा. ईदच्या दिवशी त्याला शीरखुर्मा खायला घरी बोलवा. त्यासाठी राजा असण्याची गरज नाही. आणि उद्या तुम्हीच घर सोडून दूर शिकायला गेलात, तर मनात कमीपणा बाळगू नका. अडचण असेल ती वडीलधाऱ्यांना मोकळेपणाने सांगा. मदत घेऊन शिका आणि शिकून झाल्यावर दुसऱ्या एका मुलाला हात द्या. शाहू महाराजांची आठवण ठेवण्याचा याहून चांगला मार्ग नाही.