चांदबिबी : एका विश्वासू स्त्रीचे जीवन

अहमदनगरजवळच्या शाह डोंगरावरील तीन मजली, अष्टकोनी वास्तू आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वास्तविक ती सलाबतखानाची कबर आहे. तरीही चारशे वर्षांनंतर लोकांच्या ओठी नाव राहिले ते चांदबिबीचे. असे का झाले, हे समजण्यासाठी तिचे जीवन पाहावे लागेल. त्यात आपल्यासाठी मोठी शिकवण आहे.

चांदबिबी ही अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाची कन्या. त्या काळी दख्खनची मुस्लिम राज्ये एकमेकांशेजारी नांदत होती, पण त्यांच्यात स्नेह नव्हता. सोलापूरचा किल्ला निजामशाहीचा की आदिलशाहीचा, या एका प्रश्नावर कितीतरी रक्त सांडले होते. विजापूरच्या अली आदिलशाहाने तर अहमदनगरविरुद्ध विजयनगरच्या रामरायाशी हातमिळवणी केली होती. पुढे रामरायाचे बळ सर्वांनाच जाचू लागले, तेव्हा हे शेजारी एकत्र आले. चांदबिबीचा विवाह अली आदिलशाहाशी झाला, तिच्या भावाचा विवाह आदिलशाहाच्या बहिणीशी झाला आणि सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून विजापूरला मिळाला. जानेवारी 1565 मध्ये विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बीदर यांच्या संयुक्त फौजेने तालिकोटची लढाई जिंकली.

या लढाईला धर्मयुद्ध समजण्याची चूक आपण करू नये. कालचा मित्र आजचा शत्रू झाला होता, एवढेच. विजयानंतर एक भरभराटीचे नगर लुटले गेले, आणि शत्रू संपताच मित्रांचे ऐक्यही संपले. थोड्याच काळात ते पुन्हा एकमेकांवर चालून गेले. भीतीने बांधलेली एकी भीतीबरोबरच सुटते.

चांदबिबीने मात्र दोन्ही घरांचे नाते प्रामाणिकपणे जपले. 1580 मध्ये पतीची हत्या झाली, तेव्हा गादीचा वारस इब्राहीम अवघ्या नऊ वर्षांचा होता. तिने त्याचा सांभाळ केला आणि राज्यकारभार पाहिला. सत्तालोभी सरदाराने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले. तेही तिने सब्राने सोसले. सुटकेनंतर तिने पुन्हा त्या मुलाचीच बाजू सांभाळली आणि कालांतराने ती माहेरी अहमदनगरला परतली.

1595 हे वर्ष अहमदनगरसाठी कठीण ठरले. विजापूरशी झालेल्या लढाईत तरुण निजामशाह मारला गेला. दरबारात दख्खनी आणि हबशी गट एकमेकांच्या जिवावर उठले. त्यांतील एका गटाच्या नेत्याने, मियाँ मंजूने, आपसातील भांडण जिंकण्यासाठी गुजरातेतून अकबराचा पुत्र मुराद याला बोलावले. घरच्या वादात बाहेरच्याला पंच केले की तो घरच मागतो. मुघल फौज दाराशी आली तेव्हा मंजूला पश्चात्ताप झाला, पण वेळ निघून गेली होती.

चांदबिबीने बहादूर या लहानग्या वारसाच्या नावाने किल्ल्याची सूत्रे हाती घेतली आणि विजापूर व गोवळकोंड्याकडे मदत मागितली. वाचकहो, येथे क्षणभर थांबा. काही महिन्यांपूर्वी ज्या विजापूरच्या फौजेशी लढताना अहमदनगरचा सुलतान पडला होता, त्याच विजापूरने आता सुहेलखानाच्या हाताखाली फौज धाडली, आणि गोवळकोंड्याचे सैन्यही तिला मिळाले. विजापूरच्या तख्तावर आता तोच इब्राहीम होता, ज्याला चांदबिबीने लहानाचा मोठा होताना सांभाळले होते. जपलेले नाते संकटात उपयोगी पडते.

मदत अजून दूर होती. मुघलांनी तटाखाली सुरुंग पेरले. किल्ल्यातील लोकांनी त्यांतील दोन शोधून निकामी केले, पण तिसरा उडाला आणि तटाला खिंडार पडले. सरदारांचा धीर सुटत असताना चांदबिबी बुरखा पांघरून, हाती तलवार घेऊन खिंडारापाशी उभी राहिली. दिवसभर हल्ले परतवले गेले आणि रात्रीतून तट पुन्हा बांधला गेला. आत धान्य संपत होते, बाहेर मुघलांना संयुक्त फौजेची धास्ती होती. अखेर 1596 च्या प्रारंभी वऱ्हाड देऊन तह झाला आणि वेढा उठला.

पुढच्याच वर्षी तह मोडला. गोदावरीकाठी सोनपेठजवळ तिन्ही राज्यांची फौज सुहेलखानाच्या नेतृत्वाखाली मुघलांशी भिडली. जय मिळालाच असे समजून बरेच सैनिक लुटीसाठी पांगले, आणि दुसऱ्या दिवशी हाती आलेला जय निसटला. उहुदच्या डोंगरावरून उतरलेल्या धनुर्धाऱ्यांची आठवण येथे कोणाला होणार नाही?

1600 मध्ये मुघल पुन्हा आले. प्रतिकाराचे बळ उरले नव्हते. लहान सुलतानाचा आणि लोकांचा जीव वाचावा म्हणून चांदबिबीने बोलणी करण्याचा विचार केला. तिने आपला हा मनोदय किल्ल्यातील एका अधिकाऱ्याजवळ विश्वासाने उघड केला. त्याने बाहेर येऊन ओरड केली, की बेगम शत्रूला फितूर झाली. जमाव तिच्या महालात शिरला आणि तिची हत्या झाली. कोणी विचारले नाही, कोणी खातरजमा केली नाही. काही महिन्यांतच किल्ला पडला आणि बाल सुलतान ग्वाल्हेरच्या कैदेत गेला.

वाचकहो, पवित्र कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याची आणि भांडणाऱ्या दोन गटांत न्यायाने समेट घडवण्याची आज्ञा एकाच ठिकाणी आली आहे. अहमदनगरने या दोन्हींकडे पाठ फिरवली. तटाचे खिंडार एका रात्रीत बुजले, पण मनांचे खिंडार कोणी बुजवले नाही. आपल्या घरात, जमाअतीत, शेजारात एखाद्याविषयी वाईट बातमी येते, तेव्हा आपण ती पुढे पाठवतो की आधी त्याच्याच दाराशी जाऊन विचारतो? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने आपल्यापुरते द्यावे. अल्लाह आपल्याला नाती जपण्याची आणि अफवेपासून जीभ राखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.