आबे द्युब्वा : गौरव आणि सेवा

दीर्घ सेवेनंतर निवृत्त होणाऱ्या धर्मगुरूचा गौरव करताना समाज त्याच्या कार्याचा नेमका कोणता भाग डोळ्यांसमोर ठेवतो, हा प्रश्न चरित्रकाराला सहसा पडत नाही. म्हैसूरच्या आबे झाँ-आंत्वान द्युब्वा यांच्या बाबतीत मात्र तो टाळता येत नाही. जानेवारी १८२३ मध्ये त्यांनी भारताचा कायमचा निरोप घेतला, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने त्यांच्या प्रवासाचा खर्च सोसला व त्यांना निवृत्तिवेतन दिले. फ्रान्सशी झालेल्या दीर्घ युद्धाची आठवण ताजी असताना इंग्रज सत्तेने एका फ्रेंच कॅथलिक मिशनऱ्याचा असा सन्मान करावा, ही घटना असाधारण होय. परंतु ज्या ग्रंथाने त्यांना कीर्ती मिळवून दिली, त्याच्या कर्तृत्वाविषयी आज वेगळाच निर्णय द्यावा लागतो. आणि जी सेवा निःसंशय त्यांची होती, तिची वाट मात्र या कीर्तीच्या छायेतून काढावी लागते.

द्युब्वा यांचा जन्म १७६६ साली दक्षिण फ्रान्समधील आर्देश प्रांतातल्या सँ-रमेझ या खेड्यात झाला. १७९२ मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी पॅरिसच्या परदेशी मिशन संस्थेतर्फे ते भारताकडे निघाले. फ्रान्समध्ये तेव्हा राज्यक्रांतीचा वणवा पेटला होता. मायदेशी परतायला त्यांना पुढे एकतीस वर्षे लागली.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान मारला गेला. टिपूने १७८४ मध्ये कानडा किनाऱ्यावरील हजारो कॅथलिकांना बंदी करून श्रीरंगपट्टणास नेले होते व त्यांतील अनेकांना बळाने धर्म बदलावा लागला होता. या विस्कटलेल्या समाजाची पुन्हा घडी बसविण्यासाठी द्युब्वा म्हैसूर राज्यात आले. परत येऊ इच्छिणाऱ्यांना त्यांनी पुन्हा धर्मात घेतले. श्रीरंगपट्टणाजवळच्या गंजाम येथील चर्च आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. उपासना उभी राहिली तरी पोट उभे राहत नाही, हे त्यांनी जाणले होते. म्हणून हासनजवळच्या साथळ्ळी येथे त्यांनी निर्धन ख्रिस्ती कुटुंबांची शेतकरी वसाहत वसविली. कानडी मुलखात लोक त्यांना दोड्डस्वामी म्हणत. पागोटे बांधून व देशी पोशाख करून ते खेड्यापाड्यांतून हिंडत. टॉमस हिकी या चित्रकाराने त्यांचे जे चित्र काढले, तेही याच वेषातले आहे.

देवीच्या रोगावरील लसीचे त्यांचे कार्य याच काळातले. जेन्नरची लस जून १८०२ मध्ये मुंबईस पोहोचली आणि तेथून ती दक्षिणेत गेली. १८०३-०४ या अवघ्या काही महिन्यांत द्युब्वा यांच्या देखरेखीखाली २५,४३२ माणसांना लस टोचल्याची नोंद आहे. त्या काळी लस बाटलीत राहत नसे. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातील द्रव आठवडाभराने काढून तो दुसऱ्याच्या दंडावर टोचावा लागे. साखळी एका ठिकाणी तुटली की लस संपलीच. म्हणजे एकाच्या अंगचे दुसऱ्याच्या अंगी घालायचे, आणि तेही जिथे पाणी घेतानासुद्धा जात पाहिली जाई अशा समाजात. शिवाय हा रोग म्हणजे देवीचा कोप वा कृपा अशी श्रद्धा होती. मराठीत तर रोगालाच देवी हे नाव आहे. अशा परिस्थितीत पंचवीस हजार दंड पुढे झाले, याचा अर्थ तितक्या घरांत या परकी माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला गेला. धर्मांतराच्या कोणत्याही आकड्यापेक्षा हा आकडा मोठा आहे.

हिंदूंचे आचार, रूढी व विधी यांवरील त्यांच्या फ्रेंच ग्रंथाचे हस्तलिखित म्हैसूरचे रेसिडेंट मार्क विल्क्स यांच्यामार्फत मद्रास सरकारकडे गेले. १८०७ मध्ये गव्हर्नर लॉर्ड विल्यम बेंटिंक यांनी ते कंपनीसाठी दोन हजार होनांना विकत घेतले. इंग्रजी भाषांतर १८१६ मध्ये लंडनला निघाले. सुधारलेली फ्रेंच आवृत्ती १८२५ मध्ये पॅरिसच्या राजकीय मुद्रणालयाने छापली. आणि १८९७ मधील हेन्री बोशाँ यांच्या इंग्रजी आवृत्तीने तो घरोघर पोहोचविला. राज्यकर्त्यांना प्रजा समजावून देणारा ग्रंथ म्हणून त्याचा दबदबा शतकभर टिकला. ब्राह्मणांविषयीची त्यातील कठोर मते आणि वर्णव्यवस्थेचे त्यात केलेले समर्थन ही दोन्ही पुढील अभ्यासकांनी वारंवार तपासली आहेत.

१९७७ पासून सिल्व्हिया म्यूर या फ्रेंच विदुषीने केलेल्या संशोधनाने या कीर्तीचा पायाच हलविला. लंडनच्या इंडिया ऑफिस ग्रंथालयातील देव्हो या फ्रेंच अधिकाऱ्याचे हस्तलिखित त्यांनी अभ्यासले. ते जेझुइट पाद्री गास्तों-लोराँ कर्दू यांच्या हरवलेल्या ग्रंथावर आधारलेले आहे, आणि द्युब्वा यांच्या पुस्तकाचा बराचसा भागही त्याच मूळ ग्रंथातून आलेला आहे, हे १९८७ च्या त्यांच्या द्विखंडात्मक ग्रंथाने सिद्ध झाले. कर्दू १७७९ मध्ये निवर्तले होते. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्याविषयी १७६७ मध्ये, म्हणजे विल्यम जोन्सच्या सुमारे वीस वर्षे आधी, पॅरिसच्या विद्वत्सभेला लिहिणारे कर्दू ते हेच. तो निबंधही १८०८ पर्यंत छापला गेला नाही. एकाच पुरुषाच्या वाट्याला दोनदा अशी उपेक्षा यावी, हे विद्याक्षेत्राच्या इतिहासातील एक खेदजनक प्रकरण आहे.

द्युब्वा यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, मिशनमधील हस्तलिखिते ही त्या काळी सामायिक मालमत्ता समजली जात. एकाने लिहावे, दुसऱ्याने वाढवावे, तिसऱ्याने वापरावे. पण हस्तलिखित जेव्हा मोल घेऊन सरकारच्या हाती जाते आणि मुखपृष्ठावर एकच नाव येते, तेव्हा सामायिकतेचा हा आधार पुरेसा ठरत नाही.

या संदर्भात त्यांच्या दुसऱ्या एका पुस्तकाकडे भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यायला हवे. १८२६ मध्ये पॅरिसला त्यांनी पंचतंत्राचा फ्रेंच अनुवाद प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी संस्कृत पाठ न घेता तमिळ, तेलुगू व कानडी या तीन भाषांतील प्रतींतून निवड केली. पंचतंत्र हा एका मूळ पोथीचा विस्तार नसून देशी भाषांतून जिवंत राहिलेली परंपरा आहे, ही दृष्टी त्यामागे दिसते. मुंबईत मराठी पंचोपाख्यान १८२२ मध्ये छापले गेले, हे लक्षात घेतले म्हणजे हा अनुवाद आपल्या वाङ्मयेतिहासालाही किती जवळचा आहे ते कळते. याच पुस्तकात परमार्थ गुरूच्या हास्यकथा आहेत. त्या इटालियन जेझुइट बेस्की यांनी रचल्या, असा समज होता. बेस्कींचे नावही ठाऊक नसलेल्या मुलखात त्या ऐकायला मिळतात, या आधारावर द्युब्वा यांनी त्या मूळच्या इथल्याच ठरविल्या. एका जेझुइट पाद्र्याच्या नावावरील कथांचे श्रेय लोकांना परत देणाऱ्या या माणसाने दुसऱ्या जेझुइट पाद्र्याचे नाव मात्र उच्चारले नाही. हा अंतर्विरोध झाकण्याचे कारण नाही.

१८२३ मध्येच त्यांची भारतातील ख्रिस्ती धर्माच्या स्थितीविषयीची पत्रे लंडनला प्रकाशित झाली. हिंदूंचे धर्मांतर घडवून आणणे तत्कालीन परिस्थितीत अशक्य आहे, असे त्यांत त्यांनी स्पष्ट मांडले. पंचवीस वर्षांत आपल्या हातून झालेली धर्मांतरे दोनतीनशेच्या घरात भरतील आणि त्यांतही दोनतृतीयांश लोक कंगाल वा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील होते, हा हिशेब त्यांनी लपविला नाही. हाफ व टाउनली यांसारख्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी त्यांना जोरकस उत्तरे दिली. आयुष्यभराच्या कार्याचे अपयश निवृत्तीच्या वेळी इतक्या उघडपणे मांडणारे धर्मपुरुष विरळाच.

पॅरिसमध्ये ते आपल्या मिशन संस्थेचे संचालक व पुढे १८३६ ते १८३९ या काळात प्रमुख झाले. १७ फेब्रुवारी १८४८ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच आठवड्यात पॅरिसमध्ये पुन्हा क्रांतीचे वारे घोंघावू लागले.

द्युब्वा यांच्या जीवनाचे मूल्यमापन करताना त्यांच्या प्रसिद्ध ग्रंथावरील कर्दूंचा हक्क मान्य करणे हे आजच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. तसे केल्याने द्युब्वा यांच्या नावावर काहीच उरत नाही, असे मात्र नव्हे. विस्कटलेल्या समाजासाठी उभारलेली वसाहत, तीन देशी भाषांतून वेचलेले पंचतंत्र आणि देवीच्या साथीतून वाचलेली मुले हे सारे त्यांचेच आहे. कंपनीने त्यांचा गौरव केला, तो राज्यकर्त्यांच्या उपयोगाचा होता. म्हैसूरच्या खेड्यांनी त्यांना दोड्डस्वामी म्हटले, ते मात्र त्यांनी स्वतः केलेल्या कामासाठी.