नामदार गोखले : इंग्रजीच्या तासापासून मराठीच्या भाषणापर्यंत

फेब्रुवारी महिना आला की आमच्या सीमाभागात भाषणांचा हंगाम सुरू होतो. १९ तारखेला शिवजयंती, २७ तारखेला मराठी भाषा दिन, आणि मागेपुढे शाळांची स्नेहसंमेलने. यंदा हुमनाबाद तालुक्यातील एका वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून आम्हाला बोलावणे आले होते. नववीतल्या एका मुलीने इंग्रजीतून भाषण केले. उच्चार स्वच्छ, हातवारे बेताचे, कुठे अडखळणे नाही. बक्षीस तिलाच मिळाले आणि ते योग्यच झाले. कार्यक्रम संपल्यावर तिचे आजोबा आमच्याजवळ आले. नात काय बोलली ते आपल्याला कळले नाही, तिला थोडे मराठीत सांगायला लावा, एवढीच त्यांची विनंती. मुलगी घरी मराठीच बोलते. पण त्या विषयावर मराठीत दोन वाक्ये काही तिला जुळवता येईनात. ती ओशाळली, आजोबा ओशाळले, आणि खरे सांगायचे तर सर्वांत जास्त आम्ही ओशाळलो. गुण देणारे आम्हीच होतो ना!

परतीच्या वाटेवर आम्हाला आठवण झाली ती नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची. शिवजयंतीच्या गुलालात कोणाच्या ध्यानात राहत नाही, पण १९ फेब्रुवारी ही गोखल्यांची पुण्यतिथी. ते मवाळ पक्षाचे पुढारी होते आणि गांधीजी त्यांना गुरू मानत, एवढे शाळेत पाठ करून घेतात. आज आम्हाला सांगायचे आहे ते त्यांच्या पाठांतराविषयी, त्यांच्या इंग्रजीविषयी, आणि आयुष्याच्या अखेरीस एका गुजराती माणसाच्या आग्रहाने त्यांनी केलेल्या मराठी भाषणांविषयी.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागलला नोकरीस होते, आधी कारकून आणि पुढे फौजदार. कागल कुठे आहे हे सीमाभागातील वाचकांना सांगायला नको. तेथून निपाणीच्या वाटेला लागले की थोड्याच वेळात राज्य बदलते. घराणे कोकणातले, पण गोपाळने मुळाक्षरे गिरवली ती आपल्यासारख्याच, दोन भाषा कानावर पडणाऱ्या मुलखात. पुढे इंग्रजी शिक्षणासाठी थोरला भाऊ गोविंद याच्याबरोबर तो कोल्हापूरला आला.

१८७९ साली वडील वारले. गोपाळ तेव्हा तेरा वर्षांचा. गोविंदरावांनी शिक्षण सोडले आणि दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत बाकीचे घर कसे चालले असेल, याचा हिशेब ज्यांनी भावंडांना शिकवले आहे त्यांनीच करावा. गोपाळ स्वतः हाताने रांधून जेवे. एकदा एका मित्राने त्याला नाटकाला नेले आणि मागाहून तिकिटाचे दोन आणे मागितले. मित्राने आपणहून नेले अशी समजूत असलेल्या या मुलाने तोंडातून शब्द न काढता पैसे दिले, आणि ते भरून काढण्यासाठी घरातल्या दिव्याचे तेल वाचवून रस्त्यावरच्या कंदिलाखाली अभ्यास केला. ही गोष्ट आमच्या पिढीने शाळेत ऐकली होती.

त्या काळच्या हायस्कुलात इंग्रजी हा नुसता एक विषय नव्हता, बाकीचे विषयही इंग्रजीतूनच शिकावे लागत. इंग्रजीच्या तासाला धडा वाचायचा, अर्थ सांगायचा, कविता तोंडपाठ म्हणायची आणि उभे राहून मोठ्याने बोलायचे. घोकंपट्टी म्हणून आज आपण तिला नावे ठेवतो. गोपाळने मात्र या घोकंपट्टीलाच आपले हत्यार केले. हुशारीपेक्षा चिकाटी मोठी, असा तो विद्यार्थी होता. इंग्रजी गद्याची पानेच्या पाने तो पाठ करी. मित्राच्या हाती पुस्तक द्यायचे, आपण म्हणत सुटायचे, आणि चूक सापडली तर चुकीमागे एक आणा मित्राला द्यायचा, अशी त्याची पैज असे, हे त्याच्या चरित्रांतून येते. आठ रुपयांत महिना काढणाऱ्या मुलाने लावलेला आणा होता तो! मित्रांना फारशी कमाई झाली नाही म्हणतात.

१८८१ मध्ये तो मॅट्रिक झाला. पुढे शिकवायचे की नोकरीला लावायचे, असा प्रश्न घरात निघाला तेव्हा वहिनीने अंगावरचे दागिने काढून द्यायची तयारी दाखवली. मोठ्या माणसांच्या चरित्रांत अशा बायांची नावे दोन ओळींत संपतात, ही आमची जुनीच तक्रार आहे. गोखले आधी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात, मग काही काळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि शेवटी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले. तेथे प्राचार्य होते वर्डस्वर्थ, म्हणजे त्याच नावाच्या प्रसिद्ध इंग्रज कवीचे नातू. एडमंड बर्क या आयरिश वक्त्याचा फ्रेंच राज्यक्रांतीवरील ग्रंथ गोखल्यांनी याच काळात मुखोद्गत केला. १८८४ साली वयाच्या अठराव्या वर्षी ते बी.ए. झाले.

येथे हुमनाबादकरांनी आपल्याकडचे त्या वेळचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. आपण निजामाच्या राज्यात. गोखले कॉलेजात होते त्याच दशकात दरबारची फारसी जाऊन उर्दू आली. मराठी लेकराला घरी मराठी, बाजारात कानडी आणि कचेरीत उर्दू, अशी तीन दारे ओलांडावी लागत. इंग्रजी हायस्कूल म्हणजे लांबची गोष्ट. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय निघाले ते १९०७ साली. कोल्हापूरच्या मुलाला आठ रुपयांत जे मिळाले ते आपल्या आजे-पणज्यांना आठशे रुपयांतही मिळणे कठीण होते.

जानेवारी १८८५ मध्ये गोखले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर शिक्षक झाले. टिळक आणि आगरकर तेथे होतेच. वर्षभरात गोखले डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. वीस वर्षे अल्प वेतनावर शिकवायचे, असा त्याचा अर्थ. वकील होऊन भावाचे पांग फेडायचे हा बेत बाजूला पडला. गोविंदरावांना काय वाटले असेल?

शिक्षक म्हणून त्यांची धाटणी विद्यार्थिदशेतलीच होती. वर्गात जायचे ते सगळे तोंडपाठ करून. फर्ग्युसन कॉलेजात नेल्सन या आरमारी सेनापतीचे सौदीने लिहिलेले चरित्र शिकवायची वेळ आली, तेव्हा त्यातले जहाजांचे शब्द कळेनात म्हणून ते मुंबईच्या बंदरावर जाऊन खलाशांकडून अर्थ समजून घेऊन आले, अशी आठवण सांगितली जाते. गणित सांगा, इतिहास सांगा, अर्थशास्त्र सांगा, जो विषय पदरात पडेल तो त्यांनी शिकवला. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक तर अनेक भारतीय भाषांत गेले. मात्र ते उत्स्फूर्त शिक्षक नव्हते. वर्गात हशा पिकवणे त्यांना जमले नाही.

१८८६ साली कोल्हापुरातच त्यांचे पहिले जाहीर भाषण झाले. विषय होता इंग्रजी अमलाखालचा हिंदुस्थान, आणि अध्यक्ष होते ली-वॉर्नर हे इंग्रज अधिकारी. वीस वर्षांच्या मास्तराने साहेबासमोर साहेबाच्या भाषेत साहेबाच्या राज्याचे माप घेतले, आणि साहेबाने भाषेची वाखाणणी केली. इंग्रजीच्या तासाचे ते पहिले पीक.

दोन वर्षांनी, १८८८ मध्ये, आगरकरांनी सुधारक पत्र काढले. त्यात दोन बाजू असत, मराठी आणि इंग्रजी. मराठी लिहायचे आगरकरांनी, इंग्रजी लिहायचे गोखल्यांनी. ही वाटणी आम्हाला नेहमी विचारात पाडते. आगरकरांचे मराठी लेख अजून वाचले जातात. गोखल्यांचे इंग्रजी लेख आता अभ्यासकांपुरते उरले आहेत.

न्यायमूर्ती रानडे हे त्यांचे गुरू. सरकारकडे जाणारे अर्ज आणि निवेदने रानडे त्यांच्याकडून पुन्हापुन्हा लिहून घेत. आकडा चुकला की कागद परत. हे सुमारे चौदा वर्षे चालले. १८९७ साली गोखले लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्षीला उभे राहिले, तेव्हा उलटतपासणीत त्यांना हलवणे कोणाला जमले नाही, ते या तालमीमुळे. आणि रानड्यांची आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. मुंबई विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून मराठी बाद झालेली होती. ती परत यावी म्हणून रानडे अनेक वर्षे झगडले आणि मृत्यूच्या सुमारास त्यांना एम.ए.पुरते यश आले. इंग्रजीचा पट्टीचा शिष्य घडवणारा गुरू मराठीसाठी विद्यापीठाचे उंबरे झिजवत होता.

१९०२ साली कॉलेजातून निवृत्त होऊन गोखले पूर्ण वेळ देशकार्याला लागले. त्याच वर्षी २६ मार्चला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. सरकारी शिलकेचे कौतुक चालले असताना, ही शिलक गरिबाच्या ताटातून काढलेली आहे, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. मिठावरचा कर कमी करा हा त्यांचा आग्रह होता. पुढच्या वर्षी तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. मीठ खाणाऱ्या शेतकऱ्याला त्या भाषणाचे अक्षर समजले नसते, तरी पदरात मात्र काही पडले. इंग्रजी शिकण्याविरुद्ध बोलणाऱ्यांनी हे विसरू नये. सत्ता ज्या भाषेत हिशेब ठेवते ती भाषा आपल्यातल्या कोणाला तरी पक्की यावी लागते. निजामशाहीत ती उर्दू होती, आज ती कन्नड आहे. ती आली नाही तर सातबारा तरी कोण वाचणार? आपल्याकडे त्याला पहाणी म्हणतात, एवढाच फरक.

१९०५ मध्ये त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी ते बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. राजकारणातल्या टिळक-गोखले वादात आम्ही येथे शिरत नाही.

आमच्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम फसलेले आहे. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत आणायचे, तेही सगळीकडे एकदम नव्हे, तर जेथे स्थानिक संस्था तयार असतील तेथेच. मागणी किती माफक! तरीही १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. विरोधात सरकारी सभासद होते आणि जमीनदारही होते. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा देशात लागू व्हायला १ एप्रिल २०१० ही तारीख उजाडावी लागली.

विधेयक पडल्यावर त्याच वर्षी, ऑक्टोबर १९१२ मध्ये, गोखले दक्षिण आफ्रिकेला गेले. तेथे गांधीजी हिंदी लोकांच्या हक्कांसाठी लढत होते. जोहान्सबर्गला हिंदी लोकांपुढे बोलायचे ठरले तेव्हा गांधीजींनी सुचवले की आपण मराठीत बोला. सभेत कोकणी मुसलमान आहेत, काही महाराष्ट्रीय आहेत, त्यांना मराठी कळेल, आणि बाकीच्यांसाठी मी हिंदुस्थानीत भाषांतर करीन. गोखले खळखळून हसले. तुमचे हिंदुस्थानी मला ठाऊक आहे, आणि मराठी तुम्ही शिकलात तरी केव्हा, असा त्यांचा सवाल होता. गांधीजी हटले नाहीत. विषय माहीत असला की आपल्याला मराठी समजते, अर्थाचा अनर्थ होऊ देणार नाही, असे त्यांनी सांगितले. गोखल्यांनी मानले. तेथपासून परतीच्या प्रवासात झांजिबारपर्यंत, हिंदी लोकांच्या अशा सभांत ते मराठीत बोलले आणि गांधीजी दुभाषे झाले. हा सगळा प्रसंग गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेच्या सत्याग्रहाच्या इतिहासात नोंदवला आहे. गोखल्यांना हे तत्त्व म्हणून पटले की केवळ आपल्या समाधानासाठी ते तसे बोलले, याबद्दल मात्र गांधीजींनाही खात्री नव्हती.

कागलच्या शाळेत मराठी मुळाक्षरे गिरवलेला मुलगा, पंचवीस-तीस वर्षे इंग्रजीतून सभा जिंकलेला, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कोकणातल्या खलाशी-दुकानदारांपुढे मराठीत उभा राहतो. ते लोक गोखल्यांच्या जन्मगावच्या किनाऱ्याकडचेच. त्यांना काय वाटले असेल, याची नोंद आमच्या वाचनात नाही. पण आम्हाला ते आजोबा आठवले.

मधुमेहाने गोखल्यांची प्रकृती आधीच ढासळली होती. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात ते गेले. वय अवघे अठ्ठेचाळीस. स्मशानात जन्माचे प्रतिस्पर्धी टिळक बोलले आणि गोखल्यांचा कित्ता गिरवावा असे त्यांनी लोकांना सांगितले.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले, हुमनाबाद, भालकी, औराद, बसवकल्याण इकडे राहिले. त्याच वर्षी राज्यघटनेत ३५० क हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे त्यात आहे. हे कलम ज्या पालकांनी वाचले आहे असे पालक आमच्या पाहण्यात फार थोडे आहेत, आणि जे वाचतात तेही आपली मुले इंग्रजी माध्यमात घालतात. आमच्या घरातही वेगळे चित्र नाही, हे कबूल केलेले बरे.

स्पर्धेच्या आयोजकांकडे आम्ही एक सूचना लेखी दिली आहे. पुढल्या वर्षीपासून जो इंग्रजीत भाषण करील त्याने त्याच विषयावर दोन मिनिटे घरच्या भाषेत बोलावे, मग ती मराठी असो, कन्नड असो की उर्दू, आणि गुण दोन्हींचे मिळून द्यावेत. आयोजकांनी विचार करू असे कळवले आहे. आजोबांनाही आम्ही तसा निरोप धाडला आहे.