बाल्टिमोरचे अबोल सर्जन : डॉ. विल्यम हॅल्स्टेड

मंडळी, अपेंडिक्स फुटलं किंवा आतड्याला भोक पडलं, की रातोरात पोट उघडावं लागतं. मग भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, टाके किती पडले? खरं म्हणजे टाके किती यापेक्षा ते कसे घातले, याला जास्त महत्त्व. हे ज्यांनी शिस्तीने शिकवलं, त्या डॉ. विल्यम स्ट्युअर्ट हॅल्स्टेड यांची ही ओळख.

त्यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्कच्या एका श्रीमंत व्यापारी घराण्यात झाला. येलमध्ये असताना पुस्तकांपेक्षा फुटबॉलचं वेड जास्त. पण पुढे ते डॉक्टर झाले, युरोपात शिकून आले आणि न्यूयॉर्कमध्ये धडाडीचे सर्जन म्हणून गाजले. १८८२ साली ऑल्बनीला त्यांची आई अत्यवस्थ होती. मुलाने मध्यरात्री घरातच तिचं पित्ताशय उघडलं, पू काढला, सात खडे काढले. आई वाचली!

मग घात झाला. १८८४ च्या सुमारास कोकेनने शरीराचा एखादाच भाग बधिर करता येतो का, याचे प्रयोग त्यांनी स्वतःवर केले. या औषधाचं व्यसन लागतं, हे तेव्हा फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. हॅल्स्टेड त्यात पुरते अडकले. त्यांना प्रॉव्हिडन्सच्या मनोरुग्णालयात राहावं लागलं. कोकेनच्या जागी मॉर्फिन आलं आणि ते जन्मभर सुटलं नाही.

आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्याच १८८६ साली हॅल्स्टेड बाल्टिमोरला आले. मित्र डॉ. वेल्च यांनी आपल्या प्रयोगशाळेत त्यांना जागा दिली. तिथे कुत्र्यांची आतडी शिवून पाहताना त्यांना आढळलं, की आतड्याच्या भिंतीत टाका धरून ठेवतो तो सबम्यूकोसाचा थर. सुई तिथवर पोचली नाही, तर टाका निसटतो. १८८७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

पूर्वीचे झपाटलेले हॅल्स्टेड आता अबोल आणि संथ झाले होते. १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडलं. तिथे ते तासन्‌तास ऑपरेशन करत. रक्ताचा थेंब न्‌ थेंब थांबवायचा, मांस हळुवार हाताळायचं, आत पोकळी ठेवायची नाही आणि टाका ताणायचा नाही, हे त्यांचे नियम. टाका करकचून आवळला की मधल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तो भाग मरतो आणि जखम उसवते. म्हणून ते बारीक रेशमी दोरा वापरत. जोराने ओढला तर दोराच तुटणार, मग आवळणार कसा? जंतुनाशकाने एका नर्सचे हात सोलवटले, म्हणून त्यांनी तिच्यासाठी रबरी हातमोजे करवून घेतले. पुढे १८९० मध्ये तिच्याशीच लग्न केलं!

आज पोटाचा मधला छेद बहुधा हळूहळू विरघळणाऱ्या दोऱ्याने, सलग टाक्यांनी शिवतात. दोरा छेदाच्या निदान चौपट लांब वापरावा, असा दंडक आहे. तातडीच्या ऑपरेशनमध्ये पोटात पू असेल, तर कधी कधी आतला थर शिवून वरची कातडी काही दिवस उघडी ठेवतात. रेशीम गेलं, पण न आवळण्याचा नियम राहिला.

१९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आलेल्या आपल्या कितीतरी मराठी डॉक्टरांनी इथे रेसिडेन्सीच्या रात्री जागून काढल्या. शल्यचिकित्सेत ती पद्धत इथे रुजवली तीही हॅल्स्टेड यांनीच.

७ सप्टेंबर १९२२ रोजी, पित्तनलिकेतल्या खड्यांच्या ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतीत त्यांचं निधन झालं. आईचे खडे त्यांनी काढले होते. त्यांच्यासाठी त्यांच्याच शिष्यांनी हातात सुरी घेतली. मॉर्फिनची गोष्ट १९६९ पर्यंत उघड झाली नव्हती.

तर मंडळी, पुढच्या पिकनिकला एखादे सर्जनकाका भेटले, तर टाका किती आवळायचा हे त्यांना जरूर विचारा. गप्पा हॅल्स्टेडपर्यंत नक्की पोचतील!