इरावती कर्वे : मोजमापाशी प्रामाणिक राहिलेल्या मानवशास्त्रज्ञ

सरकारने १९३४ मध्ये बंद केलेले पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. पुरातत्त्व हसमुख सांकलिया यांच्याकडे, तर समाजशास्त्र व मानवशास्त्र इरावती कर्वे यांच्याकडे आले.

ब्रह्मदेशात १९०५ मध्ये जन्मलेल्या आणि तेथील नदीचे नाव लाभलेल्या इरावतीबाईंनी बर्लिनमध्ये कवट्यांची मोजमापे घेतली होती. कवटीच्या असमानतेचा संबंध वंशाशी जुळावा, ही मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची धारणा. मोजमापांतून तसे दिसले नाही. बाईंनी प्रबंधातही तसे लिहिले नाही. परक्या देशातील विद्यार्थिनीसाठी हे सोपे नव्हते.

पुण्यात आल्यावर गुजरातमधील लांघणजच्या उत्खननात त्या सांकलियांसोबत उतरल्या. १९५३ मध्ये भारतीय नातेव्यवस्थेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला. मराठी वाचकांना मात्र त्या ‘युगान्त’मुळेच अधिक परिचित. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.